झाडबेडकाच्या काचपेटीतील निचरा आणि गाळणी: तीन ऋतूंच्या वापरानंतर

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या घरी गेल्या दिवाळीनंतर ऑस्ट्रेलियन हिरव्या झाडबेडकांच्या जोडीसाठी ६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच अशी काचपेटी तयार करून घेतली. तिच्या तळाशी निचऱ्याची सोय होती आणि एका कोपऱ्यात पंपावर चालणारी पाण्याची गाळणीही होती. हिवाळा, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा या पेटीने पाहिला आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की पैसे आणि मेहनत निचऱ्यावर घालावी, गाळणीकडून मात्र फारशी अपेक्षा ठेवू नये.

निचऱ्यासाठी तळाशी भाजलेल्या मातीच्या गोट्यांचा ६ सेंमी जाडीचा थर आहे. रोपवाटिकेत त्या लेका बॉल या नावाने मिळतात. त्यावर फायबरची मच्छरजाळी अंथरून कोकोपीट, झाडाच्या सालीचे तुकडे, जाड वाळू आणि लाकडी कोळसा यांचे मिश्रण भरले आहे, तर सर्वांत वर वाळलेली पाने आहेत. जाळीमुळे माती गोट्यांत उतरत नाही. मात्र साठलेल्या पाण्याची पातळी जाळीला टेकली की माती ते पाणी वातीसारखे वर ओढते, मुळे कुजू लागतात आणि पेटीला आंबूस वास येतो. म्हणूनच नुसता गोट्यांचा थर पुरेसा नसून साठलेले पाणी बाहेर काढण्याची वाट हवी. आमच्या पेटीत मागच्या काचेला तळालगत भोक पाडून नळजोडणीच्या दुकानात मिळणारे टाकी निपल, रबरी वायसर आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह बसवला आहे, आणि गोटी अडकू नये म्हणून निपलच्या आतल्या तोंडाला जाळी बांधली आहे. भोक पेटी जोडण्यापूर्वीच काचवाल्याकडून पाडून घ्यावे आणि ती काच टफन केलेली नाही याची खात्री करावी, कारण टफन काचेला भोक पाडायला गेले की तिचा चुरा होतो. जोडासाठी बुरशीनाशक नसलेले सिलिकॉनच वापरावे.

एवढ्या तळावर १ सेंमी पाणी म्हणजे २.७ लिटर, आणि गोट्यांनी जागा व्यापल्यावर त्याच्या निम्म्याहूनही कमी. फवारणी सढळ हाताने केली तर पातळी अपेक्षेपेक्षा लवकर चढते, हे या हिशेबावरून लक्षात येईल. व्हॉल्व्ह नसता तर दर वेळी नळी खुपसून पाणी ओढावे लागले असते आणि बेडकांना उगाच त्रास झाला असता. एवढ्या महिन्यांत जोडातून गळती झालेली नाही.

गाळणीची गोष्ट वेगळी आहे. तळाचे पाणी स्पंजमधून खेचून छोट्या धबधब्याने डबक्यात सोडायचे, ही रचना दिसायला देखणी होती. स्पंजमधील जिवाणू विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट मात्र पाण्यातच राहते, त्यामुळे पाणी बदलण्याचे काम टळत नाही. शिवाय तळाचे पाणी म्हणजे मातीतून झिरपलेला कुजका अर्क, आणि बेडूक तोंडाने पाणी न पिता पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेतून ते शोषून घेतो. वळवाच्या पावसात तासन्तास वीज गेली की स्पंजमधील जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, ती काळजी निराळीच. कोळशाने पाणी शुद्ध होते असे पुष्कळ जण सांगतात. साधा कोळसा माती भुसभुशीत ठेवतो हे खरे, पण अमोनिया शोषण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. आता पंप काढून टाकला आहे आणि बेडकाला अंगभर बसता येईल असे उथळ भांडे ठेवून त्यातील पाणी रोज बदलतो. अर्धा वेळ पाण्यात राहणारे फायर बेलीड टोडसारखे प्राणी ज्यांच्याकडे असतील, त्यांनी मात्र भरपूर पाण्यासह गाळणी जरूर ठेवावी.

सांगलीच्या पाण्याबद्दलही सांगायला हवे. पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी आले की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जाणवतो, म्हणून भांड्यात घालण्यापूर्वी मासे पाळणारे वापरतात ते क्लोरीननाशक टाकतो. आमच्या बोअरचे पाणी जड आहे. ते फवारले की काचेवर पांढरे डाग धरतात आणि उन्हाळ्यात पाणी उडून गेल्यावर क्षार मातीतच साठत राहतात. अशा पाण्याचा सामू ८ च्या आसपास असेल तर गरम दिवसांत अमोनिया अधिक घातक ठरतो. म्हणून फवारणीला आरओचे पाणी आणि बसण्याच्या भांड्यात क्लोरीन काढलेले नळाचे पाणी, अशी वाटणी केली आहे. उन्हाळ्यात मातीतील क्षार धुऊन काढण्यासाठी अधूनमधून आरओचे पाणी मुद्दाम जास्त ओततो आणि व्हॉल्व्हने सोडून देतो. निचऱ्याचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटला.

बाहेर काढलेले पाणी कुंड्यांना, गटारात किंवा ओढ्यात टाकू नये. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पाण्यातून पसरते, आणि परदेशी बेडकाच्या पेटीतील पाणी शिवारातल्या बेडकांपर्यंत पोहोचण्याचा धोका पत्करण्याचे काही कारण नाही. आम्ही ते बादलीत घेऊन त्यात ब्लीच मिसळतो, काही वेळ ठेवतो आणि शौचालयात ओततो; ही बादली दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरत नाही.