बीपीचं घरगुती मशीन: एका निवृत्त सिस्टरचा अभिप्राय

सगळी नोकरी पाऱ्याच्या यंत्रावर प्रेशर मोजण्यात गेली. त्यामुळे दंडाला पट्टा गुंडाळून आपणच बटण दाबायचं, या प्रकारावर माझा चटकन विश्वास बसेना. मुलाने बंगळुरूहून पाठवलं म्हणून वापरायला घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन हजारांच्या आसपासची ही मशीन्स बरीचशी एकाच जातीची असतात.

आधी तक्रारी. सोबतचा पट्टा मध्यम मापाचा, आणि आमच्या ह्यांचे दंड ट्रकचं स्टिअरिंग फिरवून कमावलेले. पट्टा आखूड पडला की आकडा आहे त्याहून जास्त येतो, हे विकणारा सांगत नाही. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. अडॅप्टरचे पैसे वेगळे. माहितीपत्रकातली अक्षरं मुंगीएवढी, त्यात मराठी नाहीच. आमच्या गोव्यातल्या साखळी गावात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा सेल हाताशी ठेवा.

आकडे मात्र मोठे, चष्म्याशिवाय दिसणारे. आणि दोन माणसांच्या नोंदी वेगळ्या ठेवणारी १ आणि २ अशी दोन बटणं, ही खरी कामाची गोष्ट. २०१२ मध्ये इथल्या खाणी बंद पडल्या, ह्यांचा खनिजाचा ट्रक दारात उभा राहिला आणि त्याच सुमारास ह्यांची प्रेशरची गोळी सुरू झाली. गोळी मुकाट घेतात, पण मोजायला बोलावलं की ‘मागीर पळोवया’, म्हणजे नंतर बघू. आता दुसऱ्या बटणावर माझे आकडे असतात म्हटल्यावर स्वतःच विचारतात, ‘तुजें कितलें आयलें गो?’ माझ्याहून वरचा आकडा जास्त आला की चेहरा उतरतो.

मोजायची पद्धत नीट पाळा, नाहीतर मशीन कितीही भारी घ्या, उपयोग शून्य. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू बंद. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, पट्ट्याचा दंड छातीच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. आणि तोंड बंद! बोलता बोलता मोजलं तर आकडा चढतो. आमच्याकडे सगळ्यात अवघड हेच. एरवी सकाळी आमचं बोलणं म्हणजे गॅस लावला का, बांगडे किती आणू, देवळाची वर्गणी दिली का. आता सोप्यावर बाजूबाजूला, गप्प. पट्टा नसलेला हात हे माझ्या मनगटावर ठेवतात. इतक्या वर्षांत चारचौघांत कधी हात धरला नाही माणसाने. मोजण्याच्या नियमांत हात धरण्याबद्दल काही नाही, म्हणून मीही काढून घेत नाही.

हात धरण्यावर खरोखरच अभ्यास झालाय. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांना एमआरआयमध्ये झोपवून ‘आता विजेचा हलका झटका बसेल’ अशी धास्ती घातली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची धावपळ कमी दिसली, अनोळखी हाताने तितकी नाही. संसार जितका सुखाचा, तितका फरक जास्त.

मशीन भांडणही पकडतं. ट्रक भंगारात काढायचा की नाही यावरून एका संध्याकाळी जुंपली आणि ह्यांनी रागातच पट्टा बांधला. १६२! मी पट्टा सोडायला लावला आणि आत निघून गेले. रात्री जेवणाआधी पुन्हा मोजलं तर १३६. अमेरिकेतल्या ओहायोत जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि रोनाल्ड ग्लेसर यांनी ४२ जोडप्यांच्या हातांवर बारीक फोड करून ते भरायला किती वेळ लागतो हे पाहिलं होतं. एकमेकांना घालूनपाडून बोलणाऱ्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या ६० टक्केच भरला. अभ्यास करणारे दोघे स्वतः नवरा-बायको होते. घरी त्यांची किती भांडणं होत, ते त्या निबंधात नाही.

याचा अर्थ हात धरला की गोळी बंद, असा कुणी काढू नये. गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही. असा शहाणपणा करून आलेले वॉर्डात पाहिलेत मी.

रविवारी प्रार्थनेहून परतताना शेजारच्या आंटी मोजायला येतात. नवरा नाही, दोन्ही मुलगे बोटीवर. प्रेशर मोजून झाल्यावरच चहा, हा माझा नियम. पहिला आकडा त्यांचा नेहमी चढा, दुसरा उतरलेला. मग चहा, बिस्किटं, सुनेच्या तक्रारी, धाकट्याचं जहाज सध्या कुठल्या बंदरात आहे ते, आणि दुपारच्या हुमणाची, म्हणजे माशाच्या आमटीची, वेळ टळते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लन्स्टड यांनी १४८ अभ्यासांतली तीन लाखांहून जास्त माणसं एकत्र मांडली, तेव्हा घट्ट नातीगोती असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त निघाली. त्यात फक्त नवरा-बायको नव्हते, मित्र आणि शेजारीपाजारीही होते. आंटींना हे सांगितलं तर म्हणाल्या, ‘म्हणजे मी रोज यायला हवं.’

त्यांचे आकडे सध्या कॅलेंडरच्या मागे पेनाने लिहिते. एकदा चुकून त्यांचं प्रेशर ह्यांच्या बटणावर गेलं आणि हे दोन दिवस बिनामिठाची पेज जेवले. तीन माणसांच्या नोंदी ठेवणारं मशीन कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. मोठ्या पट्ट्यासकट किंमतही सांगा.