ऑर्किड बायबॅकवाल्यांपासून सावध: माझे 55,350 रुपये गेले

एकतीस वर्षं बँकेत काढली. लोकांच्या सह्या तपासल्या, खाडाखोडीचे चेक परत पाठवले. आणि निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच वर्षी तिशीतल्या एका पोराने मला 55,350 रुपयांना टोपी घातली. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितेय, कारण घरी मी अजून "पंचवीसेक हजार" असंच सांगितलंय. हे वाचून कळलं तर कळू दे.

हिशेब असा. रोपं 60, दर 450, झाले 27,000. कुंड्या 60, दर 110, म्हणजे 6,600. कुंडीत भरायच्या गोळ्या 75 किलो, 160 ने 12,000. खताच्या 6 बाटल्या, 650 ने 3,900. 'नोंदणी' 2,500. शिवाय कार्यशाळेचे 1,500 आणि टेम्पोचे 1,850.

योजना तुम्हाला नवीन नाही. इमू झाले, कडकनाथ झाले, मधे सफेद मुसळी होती. रोपं आम्ही देतो, वाढवा तुम्ही, परत घेतो आम्ही. 2019 मध्ये कडकनाथवाल्यांचे हाल टीव्हीवर बघताना मीच म्हटलं होतं, लोक इतके भोळे कसे असतात? इथे कोंबडीच्या जागी फॅलेनॉप्सिस नावाचं ऑर्किड होतं आणि खुराड्याच्या जागी सेमी-हायड्रोची कुंडी, एवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सेमी-हायड्रोत माती नाही, झाडाची साल नाही, मॉस म्हणजे शेवाळही नाही. भट्टीत भाजून फुगवलेल्या चिकणमातीच्या हलक्या गोळ्या असतात, त्यांना लेका म्हणतात. पारदर्शक कुंडीला बुडाशी भोक नसतं, बाजूला इंचभर वर असतं. तळाशी पाणी साठतं, गोळ्या ते वर खेचतात, मुळांना ओलही मिळते आणि हवाही. पद्धत खरी आहे, चांगली आहे. खोटा माणूस होता.

8 डिसेंबर 2024, रविवार. कल्याणला एका हॉलमध्ये कार्यशाळा, चहा-पोह्यांसकट. टेबलावर गडद निळं फॅलेनॉप्सिस ठेवलेलं. सगळे फोटो काढत होते. मी गेली आठ-नऊ वर्षं गॅलरीत ऑर्किड लावतेय, मला माहीत होतं की असं निळं फॅलेनॉप्सिस नसतं. दांड्यात रंग टोचतात, पुढच्या खेपेला तेच झाड पांढरं फुलतं. मी उठून तसं बोलले. कार्यशाळा घेणारा तो पोरगा न चिडता हसला आणि माइकवर म्हणाला, "काकू, तुम्हाला कळतं यातलं." चाळीस माणसांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं.

त्या एका वाक्यावर मी पैसे दिले. त्याची एक लबाडी मी पकडली, त्याने ती कबूल केली, म्हणून मला वाटलं, आता माझ्याशी हा सरळच वागणार. तुम्ही काही ओळखलंत आणि समोरच्याने लगेच तुमची पाठ थोपटली, तर तिथून उठा.

नाही उठले. दिवाळीपर्यंत फुलावर आलेलं प्रत्येक रोप तो 1,400 ला परत घेणार होता, साठांचे 84,000. फुलावर आलेलं तेच रोप मी स्वतः नर्सरीतून 800 ला आणलं होतं! नर्सरीत 800 ला मिळणारी वस्तू तो माझ्याकडून 1,400 ला कशाला घेईल? हा प्रश्न तिसरीतला पोरगा विचारेल. करार शंभराच्या स्टँपपेपरवर होता. ऑक्टोबर 2024 पासून आपल्याकडे किमान पाचशेचा लागतो, हे मला, बँकेतल्या बाईला, दिसू नये? आणि "रोप दर्जेदार असल्यास" ही ओळ मी वाचली होती. दर्जा कोण ठरवणार, ते विचारलं नाही.

पण खरा क्षण तो नव्हे. तो आला 14 जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी. टेम्पो दारात, सोबत तो. खोकी उतरवल्यावर मी एक रोप कुंडीतून अलगद उचललं. गोळ्या खळकन सुटून खाली पडल्या, मुळाला एकही चिकटलेली नाही. आणि मुळांच्या मधोमध, बुंध्याशी, ओल्या मॉसचा मुठीएवढा बोळा.

लेकामध्ये वाढलेलं मूळ गोळ्यांना धरून बसतं. उपटायला गेलं तर चार-पाच गोळ्या सोबत येतात, मुळावर त्यांचे खळगे दिसतात. ही रोपं कुठल्यातरी नर्सरीतून मॉसमधली आणून आदल्या दिवशी गोळ्यांत खोचलेली होती. मॉसमधली जुनी मुळं सतत पाण्याशेजारी ठेवली की सडतात. नवी मुळं फुटत असतील तरच झाड या पद्धतीत तगतं. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. मी विचारलं, "हे मॉस कसलं?" तो म्हणाला, "काकू, प्रवासात ओल राहावी म्हणून घातलंय, टेन्शन नका घेऊ." टेम्पोवाला हॉर्न मारत होता, शेजारच्या वहिनी कुंपणापाशी उभ्या होत्या, त्यांच्याकडे मी महिनाभर फुशारकी मारलेली. मी ते रोप परत कुंडीत ठेवलं आणि त्याला तिळगूळ दिला.

वरून गोड बोला म्हणाले. मीच.

गोळ्यांचं नंतर कळलं. खरी लेका बहुतेक लिटरवर विकतात, कारण ती वजनाला काहीच नसते, पाण्यात टाकली की आधी तरंगते. याने किलोवर विकली, तीही ओल्या गोण्यांतून. म्हणजे पाण्याचेही 160 ने पैसे घेतले. रात्री बादलीत भिजत घातली, सकाळी पाणी गेरू कालवल्यासारखं, आणि गोळी अंगठ्याने दाबली तर चिखल. कच्च्या भाजणीच्या मातीच्या गोट्या होत्या त्या. खताचं औषध त्याच्या सांगण्याप्रमाणे लिटरला 2 मिली घातलं. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, पाणी आधी 90, नंतर 96. खत असतं तर आकडा शे-दोनशेने तरी वर गेला असता. मीटर 300 रुपयांना मिळतो. आधी घ्या. मी मे महिन्यात घेतला.

मार्चपासून पानं सुरकुतू लागली. मुळं सडलेली, त्यामुळे झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरत होतं. तो दर आठवड्याला फोटो मागवायचा आणि "ए ग्रेड" म्हणून अंगठा पाठवायचा. जूनमध्ये म्हणाला, "तुम्ही पाणी जास्त घातलंत." जुलैत फोन बंद. तोवर 11 रोपं उरली होती.

मग सुरू झाले हेलपाटे. चौकीत पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा गणपतीचा बंदोबस्त होता. तिसऱ्यांदा साहेब होते. "त्याने माल दिला ना? मग फसवणूक कशी? हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, अहो, सरळसरळ चारशेवीस आहे. तर म्हणाले, "चारशेवीस आता नाही, बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं, 318 आहे." कलम दुरुस्त केलं, तक्रार घेतली नाही. अर्ज ठेवून जा म्हणाले. ठेवा, पण आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाकावरून उठू नका. मी पहिला अर्ज तसाच दिला, तो आता कुणालाच सापडत नाही. कृषी कार्यालयात सातबारा मागितला. गच्चीला कुठला सातबारा? माझ्याच जुन्या बँकेत, माझ्याच जुन्या काउंटरवर, परवा लागलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" तिचं काही चुकलं नाही. मीही एकेकाळी काचेपलीकडच्यांना हेच सांगायचे. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या गेल्या, तासाभरात करायचा असतो. आठव्या महिन्यात करून काय उपयोग? एक वकील म्हणाले, विकण्यासाठी घेतलंत, व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहकच नाही. म्हणजे शेतकरी नाही, ग्राहक नाही, फसवलेलीही नाही! दुसऱ्या वकीलबाईंनी सांगितलं, स्वयंरोजगारासाठी घेतलं असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वाव आहे, आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाखल करता येतं आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. दाखल केलंय. बघू.

कुणी बायबॅक म्हणाला तर एकच मागा: मागच्या वर्षी ज्याचा माल परत घेतला अशा एकाच्या घरी घेऊन चल. फोन नंबर नको, घर दाखव.

उरलेली 11 रोपं मी उपटून कोळसा आणि विटांच्या तुकड्यांत लावली. त्यातली नऊ जगली.

एक लिहायचं टाळत होते. त्या दिवशी कुंपणापाशी उभ्या असलेल्या वहिनींनी माझं बघून 20 कुंड्यांचा छोटा संच घेतला. 18,500 रुपये. त्यांच्या यजमानांना अजून माहीत नाही. त्यांचं एकही रोप उरलं नाही. मी त्यांना दर महिन्याला 2,000 देते. त्या नको म्हणतात, पण घेतात.