द बिग स्लीप : सांधा दिसतो, तरी वाचा

रेमंड चँडलरची ही पहिली कादंबरी १९३९ साली आली, तेव्हा त्याने पन्नाशी गाठली होती. तेल कंपनीतली मोठ्या हुद्द्याची नोकरी दारू आणि दांड्यांपायी गेल्यावर तो पल्प, म्हणजे स्वस्त करमणुकीच्या मासिकांत रहस्यकथा लिहू लागला. त्यांतल्या ‘किलर इन द रेन’ आणि ‘द कर्टन’ या दोन कथा प्रामुख्याने जोडून ही कादंबरी बेतली आहे. एवढं ठाऊक असलं की बराच गोंधळ टळतो.

लॉस एंजेलिसमधला आजारी जनरल स्टर्नवुड खासगी गुप्तहेर फिलिप मार्लोला बोलावून घेतो. धाकटी मुलगी कार्मेनच्या सहीच्या, हजार-हजार डॉलरच्या तीन वचनचिठ्ठ्या पुढे करून गायगर नावाचा इसम पैसे मागतोय. मार्लोची फी दिवसाला २५ डॉलर, वर खर्च. एकूण प्रकरणं ३२, आणि अठराव्यातच हे सगळं जवळपास मिटतं! पुढचा भाग थोरल्या मुलीच्या बेपत्ता नवऱ्याचा. सांधा आहे तो इथे, आणि वेगही इथेच अडखळतो. तोवर गायगर, ब्रॉडी, लुंडग्रेन यांत कोणी कोणाला मारलं ते कागदावर टिपून ठेवा.

एक गाठ मात्र सुटतच नाही. स्टर्नवुडांचा ड्रायव्हर गाडीसकट समुद्रात सापडतो. आत्महत्या की खून? १९४६च्या सिनेमावेळी विचारलं, तर खुद्द चँडलरलाही सांगता आलं नाही म्हणे. निव्वळ कोडं सोडवायला बसणाऱ्याला हे खुपणारच.

पण पुस्तक पेलतो तो मार्लो. तेहतीस वर्षांचा, एकटा, वरिष्ठांना जुमानत नाही म्हणून सरकारी वकिलाच्या कचेरीतून काढलेला. चोविसाव्या प्रकरणात कार्मेन त्याच्या बिछान्यात उघडी सापडते. तो बुद्धिबळाच्या पटाकडे वळतो, घोडा हलवतो, मग चाल चुकली म्हणून मागे घेतो. ती गेल्यावर तोच बिछाना ओरबाडून विस्कटतो. हा राग नेमका कोणावर, याची फोड चँडलर करत बसत नाही. हॅरी जोन्स या चिल्लर माणसाचा शेवटही असाच. सायनाइडची व्हिस्की पिण्याआधी तो मारेकऱ्याला खोटा पत्ता देऊन मैत्रिणीला वाचवतो, आणि मार्लो हे शेजारच्या खोलीतून नुसतं ऐकतो. कादंबरीतलं सगळ्यात सरस प्रकरण हेच.

समलिंगी पात्रांबद्दलची भाषा आज वाचवत नाही, इतकी तुच्छतेची आहे. आणि सिनेमा आधी पाहू नका, त्यात शेवट बदललाय.