पार्ट-थ्रॉटल डायनो ट्यून: उसाच्या ट्रॉलीमागचा अनुभव

दिवाळीनंतरच्या सर्व्हिसला बाइक टाकली आणि सर्व्हिस सेंटरने न विचारता ईसीयूचं (इंजिनला इंधन किती द्यायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर "अपडेट" केलं. मे महिन्यात पैसे मोजून करून घेतलेला मॅप, म्हणजे किती थ्रॉटल आणि आरपीएमला किती इंधन याचा तक्ता, गेला, कंपनीचा परत आला. विचारलं तर, "अपडेट आलं होतं की ओ सर, सिस्टिमच घेतंय." त्या रागात लिहायला बसलोय, म्हणून सूर थोडा तिखट लागला तर सांभाळून घ्या.

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. चारशे सीसीच्या आसपासची सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, राइड-बाय-वायर (मुठीला केबल नाही, सेन्सर), बीएस-६. या गटातल्या कुणाचीही गाडी घ्या, दुखणं थोड्याफार फरकाने तेच. पॉवरबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. माझी तक्रार एकाच जागेची: दुसरा-तिसरा गिअर, ३,००० च्या आसपास आरपीएम, थ्रॉटल पाच ते दहा टक्के. म्हणजे संकेश्वर-चिकोडी पट्ट्यात गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे तुम्ही जिथे असता, नेमकी ती जागा. समोरून बस येतेय, ओव्हरटेक नाही, मूठ जरा सोडली की गाडी आचका खाते, जरा पिळली की पुन्हा आचका. मागे बायको असेल तर प्रत्येक आचक्याला हेल्मेटवर हेल्मेट.

कारण साधं आहे. उत्सर्जनाच्या नियमांमुळे कमी थ्रॉटलवर मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) ठेवलेलं असतं, मूठ पूर्ण सोडली की इंजेक्टर बंद होतो आणि परत उघडताना इंधन एकदम येतं. त्यात सिंगल सिलिंडर, म्हणजे कमी आरपीएमला धक्क्याधक्क्यानेच ओढणार.

आता डायनोचं, म्हणजे गाडी जागच्या जागी ड्रमवर चालवून इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचं. बरेच जण डायनो म्हणजे शेवटचा हॉर्सपॉवरचा आकडा समजतात, आणि बऱ्याच ठिकाणी विकतातही तोच. नुसता इनर्शिया डायनो असेल तर जड ड्रमवर गाडी चढवून फुल थ्रॉटलला काही सेकंदांत वरपर्यंत ओढतात, आलेख छापतात, फोटो काढतात. माझ्या काय कामाचं? सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडला गाडीला चार-पाच हॉर्सपॉवर पुरतात. पार्ट-थ्रॉटल, म्हणजे थोड्याच पिळलेल्या मुठीवरचं ट्यून करायला ब्रेक असलेला, म्हणजे एडी करंटचा लोड डायनो लागतो. तो ड्रमला रोखून धरतो, तुम्ही दहा टक्के थ्रॉटल देऊन ३,००० वर गाडी स्थिर ठेवू शकता आणि सायलेन्सरमध्ये वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) घालून तक्त्यातल्या त्या एका चौकटीतलं मिश्रण बघता. मग पुढची चौकट. दोन टक्के, पाच, दहा, पंधरा, असं करत अख्खा तक्ता. वेळ खाणारं काम, आणि तासावर पैसे. बेळगावच्या उद्यमबागेत उभं आयुष्य लेथवर काढलेला एक मित्र सोबत होता, तो म्हणाला, "हे फिनिशिंग कटसारखं आहे, मटेरियल कमी निघतंय, वेळ जास्त जातोय."

बेळगावात असा डायनो मला मिळाला नाही, पुण्याला गेलो. टाकी मात्र निपाणीतच, कर्नाटकाच्या हद्दीत, भरून नेली. कागलवाले स्वस्त पेट्रोलसाठी इकडे येतात, मी कशाला तिकडे भरू? शिवाय ज्या पंपाचं रोज घालायचं त्याच पेट्रोलवर ट्यून व्हायला हवं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवा १४.७ भाग लागते, ई-२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) ते प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या पेट्रोलवर केलेला मॅप ई-२० वर आणखी पातळ पडतो.

ट्यूनर प्रामाणिक निघाला, एवढं कबूल. लॅपटॉप उघडायच्या आधी त्याने चेनचा ढिलेपणा बघितला, ताणून दिली, मागच्या हबमधले रबर बदलायला लावले. निम्मा आचका तिथेच गेला, आणि तोही दोन-तीनशे रुपयांत. कुणी ट्यूनसाठी निघत असेल तर आधी एवढं करा. कदाचित पुणं गाठावंच लागणार नाही.

उरलेला निम्मा मॅपने गेला. ट्रॅक्टरमागे मूठ लोण्यासारखी चालायला लागली. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी मार्गे चोर्ला उतरताना ओल्या वळणांवर थ्रॉटल हळूच धरता आला, याचं सुख आकड्यात सांगता येत नाही. पण आकडा दुसरीकडे दिसला. तिशीचं मायलेज सत्ताविशीवर आलं. त्याने ऑक्सिजन सेन्सरचं क्लोज्ड लूप (सेन्सर बघून ईसीयूने मिश्रण आपोआप दुरुस्त करणं) सरसकट बंद करून सगळीकडे मिश्रण दाट केलं होतं. पीयूसीत हे कळत नाही, कारण दुचाकीची चाचणी आयडलवर होते. तेव्हा माझं मत होतं की काम अर्धवट आहे आणि पैसे जास्त गेले.

म्हणून गंमत अशी की सर्व्हिस सेंटरने मॅप पुसल्याचा एक फायदा झाला. कंपनीच्या मॅपवर परत आल्यावर ऊस सुरूच झाला होता, आणि चेन नीट असूनही आचका परत आला. म्हणजे फरक खरंच मॅपचा होता, मनाचे खेळ नव्हते. दुसऱ्यांदा पुण्याला गेलो तेव्हा अट घातली: एकसारख्या वेगाच्या चौकटींत क्लोज्ड लूप चालू ठेव, फक्त अगदी कमी थ्रॉटलच्या चौकटी दाट कर. त्याने तसं केलं. मायलेज परत तिशीला टेकलंय, आचका नाही. मत बदललं, काम चोख आहे.

राग एवढाच की जुनी फाइल त्याच्या लॅपटॉपमध्ये असून परत घालायचे वेगळे पैसे घेतले, वर फाइल हातात देत नाही म्हणाला. "आमची मेहनत आहे सर." गाडी माझी, पेट्रोल माझं, टायर माझा डायनोवर घासला. शेवटी घासाघीस करून एवढं ठरलं की पुढे सर्व्हिस सेंटरने पुसलं तर फक्त फ्लॅशिंगचे, म्हणजे ईसीयूत फाइल चढवण्याचे पैसे. ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलंय. सीटखाली ईसीयूवर "फ्लॅश करू नका" असं मराठी आणि कन्नड दोन्हीत चिकटवलंय, आणि पुढच्या वेळी जॉब कार्डवर लिहून सही घेतल्याशिवाय चावी देणार नाही. वॉरंटीचं विचाराल तर ती गेलीच समजा.

सहाव्या गिअरला पाच हजारांच्या खाली एक बारीक हेलकावा अजून आहे. ट्यूनर म्हणतो, आणखी एका तासाचं काम. हायवेवर तिथे मी फार वेळ नसतो, तेव्हा तो तास मी घेत नाही.