कानाने संगणक वापरणाऱ्याचा विंडोज ११ बद्दलचा अभिप्राय

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, तेव्हा दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी कापसाची वेचणी सुरू झाली होती आणि लॅपटॉपचे काय करायचे ते दिवाळीनंतर पाहू, असे मी ठरवले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि पूर्णतः अंध आहे. हजेरीपासून निकालपत्रकापर्यंत माझे सगळे लेखनवाचन एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या आधाराने चालते, त्यामुळे प्रणाली बदलताना नवे रूप कसे आहे यापेक्षा आवाज टिकेल का, हाच प्रश्न माझ्यापुढे होता.

तालुक्याच्या एका दुकानात चौकशी केली, तर "सर, फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होऊन जाईल" असे उत्तर मिळाले. त्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु फॉरमॅट केल्यावर एनव्हीडीए, त्यातील मराठी आवाजाची मांडणी, गावांची आणि मुलांची नावे नीट उच्चारली जावीत म्हणून मी काही वर्षे भरत आणलेला उच्चारकोश आणि इनस्क्रिप्ट कळफलक हे सारे पुसले गेले असते आणि माझ्या हाती मुका लॅपटॉप आला असता. जुन्या प्रणालीवरच नवी चढवली, तर कार्यक्रम, फाइली आणि मांडणी जागच्या जागी राहतात. शिवाय अधिकृत विंडोज १० असेल तर त्यासाठी पैसेही पडत नाहीत. म्हणून हे काम घरीच करायचे ठरवले.

पहिली अडचण विंडोज सुरू होण्याच्या आधीच्या भागात आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि सिक्युअर बूटची सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. माझा प्रोसेसर आठव्या पिढीचाच असूनही पीसी हेल्थ चेक हा तपासणीचा कार्यक्रम नकार देत होता, कारण टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ मांडणीत, बंद होते. बायोसच्या पडद्यावर कोणताही स्क्रीन रीडर बोलत नाही. अकरावीतली पुतणी शेजारी बसून एकेक ओळ वाचत होती आणि मध्येच म्हणाली, "काका, इथं टीपीएम काही दिसून नाही राह्यलं, पीटीटी लिहून आहे." इंटेलच्या यंत्रांत त्याच सोयीला पीटीटी म्हणतात, हे मला आधी वाचून ठाऊक होते म्हणून बरे झाले, नाहीतर आम्ही दोघे रात्रभर टीपीएम शोधत बसलो असतो. या सगळ्या कामात डोळसाची मदत खरोखर अपरिहार्य ठरली ती एवढ्याच टप्प्यावर.

डाउनलोड मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून केले. रोजचा दीड जीबी डेटा संपला की काम थांबे आणि रात्री बारानंतर विंडोज अपडेट थांबलेल्या जागेपासून पुन्हा उतरवू लागे. असे चार दिवस गेले. या काळातील प्रत्येक खिडकी, प्रत्येक बटण आणि उतरलेल्या भागाची टक्केवारी एनव्हीडीएने व्यवस्थित वाचली.

खरी कसोटी पुढे होती. यंत्र पुन्हा सुरू होते आणि पडद्यावर टक्के चढत असतात, त्या वेळी विंडोजच पुरते जागे नसल्यामुळे ऐकायला काहीच मिळत नाही. माझ्याकडे ही शांतता पन्नासेक मिनिटे टिकली. पंख्याच्या झडपेवर तळहात ठेवून गरम हवा येते आहे का, एवढेच मी पाहत होतो. मध्येच वीज गेली, पण बॅटरी आधी पूर्ण भरून ठेवलेली होती. तीन वेळा पंखा थांबला, तीन वेळा फिरला आणि त्यानंतर एनव्हीडीएचा ओळखीचा चढता सूर साइन-इनच्या पडद्यावरच ऐकू आला. त्यासाठी एनव्हीडीएच्या सेटिंगमध्ये साइन-इनच्या वेळी सुरू होण्याचा पर्याय आधी निवडून ठेवावा लागतो. तो राहून गेला असेल, तर कंट्रोल, विंडोज आणि एंटर या तीन कळा एकत्र दाबून विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू करता येतो.

वापरताना फरक अपेक्षेपेक्षा कमी जाणवला. स्टार्टचे बटण मध्यभागी सरकल्याची बरीच चर्चा झाली होती, पण विंडोजची कळ दाबून नाव टंकणाऱ्याला ते बटण कुठे आहे याने काहीच फरक पडत नाही. वाय-फाय, आवाज आणि बॅटरी यांचे एकच बटण झाले आहे, त्यामुळे विंडोज आणि बी दाबून बाणांनी एकेक चिन्ह गाठण्याची सवय मोडावी लागते आणि विंडोज व ए ही जोडी हाताला लावून घ्यावी लागते. सूचना विंडोज आणि एन वर मिळतात. काही बिघडलेच, तर पहिल्या दहा दिवसांत सेटिंगमधील रिकव्हरीतून जुन्या प्रणालीवर परत जाता येते. मला त्याची गरज पडली नाही.

नॅरेटरचे नवे नैसर्गिक इंग्रजी आवाज फारच सुरेख आहेत आणि एकदा उतरवल्यावर ते इंटरनेटशिवाय चालतात. मराठीसाठी मात्र मी एनव्हीडीएतील ई-स्पीक हा यांत्रिक आवाजच वापरतो. पत्र्यावर खडे पडावेत तसा तो आवाज आहे, पण वेगाने वाचताना शब्द गिळत नाही.

सर्वांत त्रास झाला तो फाइलवरील मेनूचा. माउसच्या उजव्या बटणाचे काम करणारी ॲप्लिकेशन कळ दाबली की आता आखूड मेनू उघडतो आणि नेहमीचे बरेच पर्याय 'आणखी पर्याय दाखवा' याच्या मागे जातात. शिफ्ट आणि एफ१० दाबल्यास पूर्वीचा पूर्ण मेनू थेट मिळतो. शाळेतील संगणक सहाव्या पिढीचा असल्यामुळे विंडोज १० वरच राहणार आहे आणि ही जोडी तिथेही चालते, म्हणून ॲप्लिकेशन कळ मी दोन्हीकडे सोडून दिली आहे.