टोमॅटोवरच्या टुटासाठी कामगंध सापळा: एक हंगाम वापरल्यावर

मुरबाडकडे भात निघालं की आम्ही थोडा टोमॅटो लावतो. गेल्या हंगामात लागवडीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत शेतात टुटाचे, म्हणजे टोमॅटोची पानं-फळं पोखरणाऱ्या किडीचे, कामगंध सापळे होते. वर तिकोनी छप्पर, तळाला चिकट कार्ड आणि मध्ये मादीच्या गंधाची ल्यूर, म्हणजे नराला ओढणारं आमिष, एवढीच त्याची रचना.

सापळ्याने कीड संपेल या आशेने घेऊ नका. त्यात फक्त नर अडकतात. पण पानावर काही दिसायच्या आधी वर्दी मिळते, आणि माझ्या मते पैसे त्याचेच आहेत.

टुटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. भारतात तो २०१४ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच पहिल्यांदा सापडला. पतंग जेमतेम ५ ते ७ मिलिमीटरचा, राखाडी-तपकिरी. कार्डावर चिलटं आणि भलतेच पतंगही चिकटतात, त्यामुळे भिंग सोबत घ्याच.

खरा घोळ पानावर होतो. नेहमीची नागअळी बारीक, नागमोडी पांढरी रेघ ओढत जाते. टुटाची अळी पापुद्र्यांमधला गर खाऊन रुंद, वेडावाकडा चट्टा पाडते. पान उजेडात धरलं की आत काळी विष्ठा दिसते, नशीब असेल तर अळीही. तिच्या डोक्यामागे काळी पट्टी असते. शिवाय ती फळालाही टाचणीएवढी छिद्रं पाडते. नागअळी फळाच्या वाटेला जात नाही. आमच्या भागात नागअळी समजून औषध मारणारे कितीतरी जण आहेत, आणि त्यात खर्च जातो, मित्रकीटकही मरतात. फार वाईट वाटतं.

आमचा माल वाशीच्या मार्केटला जातो. रिकामी कॅरेट परत येऊन जिथे रचतो, तिथे एक सापळा टांगला होता. पहिले पतंग तिथेच लागले, शेतातल्या सापळ्यांत नंतर. किडकी फळं आणि कॅरेट यांतून ही कीड गावोगाव फिरते. त्यानंतर कॅरेट धुऊन, उन्हात वाळवूनच बांधाच्या आत घेतो.

तक्रारीही आहेत. रस्त्याकडेच्या सापळ्याचं कार्ड धुळीने लवकर निकामी होतं. ल्यूर साधारण महिन्याने बदलावी लागते. दुकानात ती उन्हात पडलेली असेल तर घेऊच नका, पाकिटावरची तारीख बघा. घाटेअळी या दुसऱ्या किडीची ल्यूर हाताळलेल्या हाताने टुटाची लावू नका, गंध मिसळतो.

यंदा रोपं आणायच्या आधीच कॅरेटच्या शेडजवळ पहिला सापळा टांगणार आहे.