भावाची नोकरी चौदा महिने टिकली, म्हणून आता लिहितेय

दिव्यांगांना नोकरीला लावणाऱ्या कुडाळच्या या संस्थेला पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय.

माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता, सर्टिफिकेटवर 50 टक्के. आम्ही वेंगुर्ले तालुक्यातले, वडील नाहीत, आई दुसऱ्यांच्या बागेत मजुरीला जाते. भावाला काम मिळतच नव्हतं असं नाही, एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या भरायला त्याला घरी येऊन बोलवायचे, कामाला वाघ आहे तो, पण पाऊस लागला की सगळं बंद आणि मग पुढच्या सिझनपर्यंत दिवसभर पडवीत बसून. मधे एका ठिकाणी तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स पण करून झाला, ज्याला जोडाक्षरं वाचायला जड जातात त्याला टायपिंग शिकवलं, शेवटी पाहुण्यांच्या हातून सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आणि त्यानंतर आजतागायत कुणाचा एक फोन नाही. आईने ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, मला ते बघून अजूनही राग येतो.

म्हणून कुडाळला यांच्याकडे गेलो तेव्हा मला काहीच आशा नव्हती. पण यांनी आधी कोर्सचं नावच काढलं नाही. संस्थेच्या मॅडम घरी आल्या, दोन तास बसल्या, भाऊ सकाळी उठून काय काय करतो ते बघितलं, त्याला सुपारी निवडायला बसवलं, नुसतं बघत राहिल्या. आईची सगळ्यात मोठी भीती ही होती की नोकरी लागली तर संजय गांधी निराधारचे पैसे बंद होतील आणि नंतर नोकरी पण सुटली तर? भीती खरी आहे, त्या योजनेला उत्पन्नाची अट आहेच. मॅडमनी ती उडवून लावली नाही, वहीवर पगार किती, एसटीचं भाडं किती (40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना 75 टक्के सवलत आहे), डबा, औषध, सगळं मांडून दाखवलं आणि ठरवा म्हणाल्या, घाई नाही. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नव्हतं त्यासाठी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, बरोबर आल्या.

सरकारी नोकरीचं पण विचारलं मी. दिव्यांगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात 3 टक्के आरक्षण होतं पण त्यात भावासारख्यांना जागाच नव्हती, 2016 च्या कायद्यात ते 4 टक्के झालं आणि बौद्धिक अक्षमता त्यात आली. पण परीक्षा आणि जागा बघता त्याची वाट बघत बसू नका असं स्पष्ट सांगितलं. खाजगी मालकावर आरक्षणाची सक्ती नाही, तिथे समजावूनच घ्यावं लागतं.

शेवटी काजू कारखान्यात लागला. आधी सोलायला बसवलं, तिथे किलोवर पैसे, बाजूच्या बायका वर्षानुवर्षं हात बसलेल्या, ह्याचं निम्मं पण होईना. मॅडमनी मालकांशी बोलून त्याला ग्रेडिंगला, म्हणजे आकाराप्रमाणे काजू निवडायला घेतलं, महिन्याच्या पगारावर. आता ग्रेडिंगमध्ये गंमत अशी की 180, 240, 320 हे नंबर म्हणजे एका पौंडात साधारण किती काजू बसतात ते, म्हणजे नंबर मोठा तेवढा काजू लहान. भावाला वाटायचं 320 म्हणजे सगळ्यात मोठा, आणि सगळे त्याला तेच तेच ओरडून समजावत होते. मॅडमनी नंबर काढूनच टाकले. एका फळीवर फेविकॉलने प्रत्येक ग्रेडचा एक एक काजू चिकटवला, खाली पाकळी आणि तुकडा, प्रत्येकासमोर एक रंग, आणि त्याच रंगाची पट्टी क्रेटला. आठ दिवसात हात बसला. आता नवीन आलेल्या बायका पण त्याचीच फळी बघून काम करतात.

पहिले तीन आठवडे मॅडम रोज त्याच्या शेजारी बसायच्या, मग आठवड्यातून दोनदा, मग महिन्यातून एकदा, असं हळूहळू कमी केलं. पण खरी परीक्षा पाचव्या महिन्यात झाली. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "माका नाय जावचा." जेवला नाही, बोलला नाही, तीन दिवस घरात. आई म्हणाली झालं, संपलं. मी फोन केला, भर पावसात दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून हजर, आधी घरी, मग कारखान्यात. कारण एवढंच निघालं की सुपरवायझर बदलला होता आणि नव्याने ह्याचं टेबल हलवून ड्रायरच्या बाजूला लावलेलं, तो आवाज ह्याला सहन होत नाही आणि तसं सांगता पण येत नाही. सुपरवायझर वाईट माणूस नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. टेबल परत खिडकीजवळ गेलं, चौथ्या दिवशी भाऊ परत कामावर. त्या रात्री मला म्हणाला, "ताई, माका उद्या लवकर उठव गे." तो एक फोन यांनी उचलला नसता तर नोकरी तिथेच गेली असती आणि सगळे म्हणाले असते की ह्याला जमत नाही.

आता पगार बँकेत येतो, पीएफ कापतात, पावसात पण काम चालू.

कापलेला स्टार जिन्यासाठी. दिव्यांगांसाठी काम करणारं ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. आमच्यासमोर एक व्हीलचेअरवाले काका खाली रिक्षात बसून राहिले आणि फॉर्म घेऊन सर खाली उतरले. त्यांनी आपुलकीने केलं सगळं पण काकांना वर यायचं होतं. भाड्याची अडचण असेल, मान्य, तरी हे पहिलं बदलायला हवं. आणि माणसं दोनच असल्याने आम्हाला नंबर लागायला चार महिने थांबावं लागलं.

जाताना यूडीआयडी किंवा जुनं सर्टिफिकेट, आधार, रेशनकार्ड न्या. फोन सकाळी साडेनऊच्या आत लावा, नंतर दोघंही बाहेर फिरतीवर असतात.